श्वास काढलेला आवाज

या, अशा जवळ सरकून बसा. कुणाच्या खिशात बोलका फोन असेल तर त्याला घटकाभर गप्प करा, आणि ऐका. देवाने दिलेल्या या गळ्याने मी तुम्हाला एका गळ्याचीच गोष्ट सांगणार आहे. गोष्ट गोड नाही. ऐकून झाल्यावर खळखळून चूळ भरावीशी वाटेल अशी आहे. पण जिथे जीव लावलेला असतो तिथेच माणसाला पोटातलं बाहेर काढता येतं, म्हणून तुमच्यापुढे सांगते.

सुरुवात इतकी बारीक की दुसऱ्या कुणाच्या ती लक्षातही आली नसती. काचेच्या एका मोठ्या इमारतीत, लांबलचक टेबलाच्या टोकाला मी बसले होते. हातात कागदी पेला, त्यातली कॉफी निवून तिच्यावर साय धरलेली, ती ओठाला चिकटली म्हणून मी पर्समध्ये रुमाल चाचपत होते. आणि टेबलावरून मीच बोलले. "नमस्कार. मी तुमची सोबतीण. चला, निघू या." मी तोंड उघडलेलं नव्हतं. तोंडात सायीचा तो बुळबुळीत तुकडा होता आणि जीभ त्याला टाळूपासून सोडवत होती, तरी माझा आवाज माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा राहून हसऱ्या तोंडाने बोलत होता. माझा म्हणजे माझाच. 'चला'मधला 'ला' मी जरा लांबवते, तोसुद्धा. टेबलाभोवती टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "काकू, कसं वाटतंय?" मला कसं वाटत होतं ते सांगू? आपला दातांचा ब्रश सकाळी तोंडात घालावा आणि तो ओला, कोमट लागावा. कुणीतरी तो आधीच वापरून, नीट पुसून, जागच्या जागी ठेवून दिलेला. तसं. मी म्हणाले, "छान आहे हो." असं म्हणायची सवय असते आपल्याला. पाहुण्यासारखं वागायची सवय.

मी बसस्थानकावर घोषणा करते. फलाट क्रमांक, गाडी कुठे जाणार, किती उशीर, हरवलेली छत्री, चुकलेलं मूल. काचेच्या एका कोंदट खोलीत मी आणि माझा मायक्रोफोन. मला एका डोळ्याने उजेड दिसतो आणि आकार दिसतात, दुसऱ्याने तेवढंही नाही. माझ्या नवऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण ते मुलांना व्हायोलिन शिकवतात. रस्त्याने जाताना मी त्यांच्या अर्धं पाऊल पुढे चालते आणि बोलत राहते. लोकांना वाटतं ही बाई फार बडबडी आहे. असेन. पण त्या बडबडीवर एक माणूस पाय टाकत असतो. तुमच्या बोलण्यावर कुणी कधी पाय टाकून बघितलाय? मग प्रत्येक शब्द आधी स्वतःच्या तळपायाने तपासून बघावा लागतो. आणि मास्तर तर शब्दावरही चालत नाहीत. पायरी, खड्डा, उघडं गटार, काहीही पुढे आलं की बोलायच्या आधी मी नाकाने श्वास ओढते. ते मला माहीतही नव्हतं, त्यांनीच एकदा सांगितलं. म्हणाले, "तुझा शब्द येईपर्यंत मी थांबलेला असतो. तू श्वास घेतलास की मला कळतं, काहीतरी आहे." आमचे बुवा, जे गाऊन निरूपण करतात, त्यांचंही तसंच. कथेत काही भयंकर घडायचं असलं की ते वाद्य थांबवतात आणि एक श्वास घेतात. सबंध सभागृह त्या श्वासावर अडकून राहतं. मागच्या बाकावर बसून मी कितीदा डोळे पुसलेत त्या एका श्वासाला. शब्द नंतर. देव आधी श्वासातच येऊन जातो असं मला वाटतं. हसू नका.

तर हॅकेथॉन. हा शब्द मलाही नवाच होता. तरुण पोरंपोरी एका छपराखाली कोंडून घेतात, टोळ्या करतात, आणि एखादा प्रश्न घेऊन घाईघाईने त्याचं उत्तर बनवून दाखवतात. त्यांचा प्रश्न होता, अपंगांचा प्रवास सोपा कसा करायचा. एका टोळीचा म्होरक्या बसस्थानकावर माझी घोषणा ऐकून खोलीपर्यंत आला होता. फार गोड पोरगा. बोलता बोलता माझा हात हातात घेऊन म्हणाला, "काकू, तुमच्या आवाजात विश्वास आहे. आम्हाला तोच हवाय. आंधळ्या माणसाच्या कानात तुम्ही बोलाल, डावीकडे वळा, जिना आहे, दरवाजा आहे. हजारो लोकांच्या अर्धं पाऊल पुढे तुम्ही चालाल." हे अर्धं पाऊल मीच त्याला सांगितलं होतं मिनिटभर आधी, त्याने ते लगेच उचललं. पण मी विरघळले. देवाने उधार दिलेली वस्तू चार लोकांच्या कामी यावी, यापरतं काय हवं असतं? स्पंजच्या भिंतींच्या एका खोलीत मी बसले. तिथे आवाज ओठातून निघाला की तिथल्या तिथे पायाशी पडत होता, मेलेल्या पाखरासारखा. मी वाक्यं वाचली, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली. निळा. उद्या. दूध उतू गेलं. माफ करा. त्यांना आवाजाचे तुकडे हवे होते. तुकडे मिळाले की मशीन त्यातून हवं ते बोलून घेतं म्हणे, मी कधी न बोललेलंसुद्धा. मी तर शेवटी दोन ओळी गायलेसुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांना मी बरोबर नेलं होतं. त्यांना म्होरक्याने 'खरे वापरकर्ते' असं नाव दिलं. ती इमारत मला आजही नाकाने आठवते. नव्या गालिच्याचं रबर, हात पुसायच्या जेलचा तो दारूसारखा गोड भपकारा, उघड्या खोक्यांतला कालचा पिझ्झा, आणि या सगळ्यावर न आंघोळ केलेल्या तरुण अंगांवर मारलेलं अत्तर. मार्गिकेत एक खेळ चालला होता. आंधळेपणा समजून घ्यायचा म्हणून डोळ्यांना काळी पट्टी बांधून पोरंपोरी भिंतींना आपटत होती, खिदळत होती, एकमेकांचे फोटो काढत होती. एक मुलगी धाडकन माझ्या अंगावर आली. "सॉरी सॉरी! तू कुठल्या टीमची?" मी म्हटलं, मी टीमची नाही, मला खरंच दिसत नाही फारसं. तर ती पट्टी वर करून म्हणते कशी, "अय्या, तुम्ही खऱ्या आहात?" आणि ओशाळून तिने ती पट्टी माझ्याच हातात दिली. ओली होती. किती कपाळांचा घाम तिच्यात मुरला होता कोण जाणे; मुलायम, गरम, कुणाच्या तरी पापणीचा केस चिकटलेली. मास्तरांचं तर त्याहून वर. एका स्वयंसेवकाने मागून येऊन त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीसुद्धा. "सर, सगळ्यांना सारखा अनुभव." मास्तर शांतपणे उभे राहिले. म्हणाले, "बांधा, बांधा. जरा सैल बांधा पण, नाहीतर मला अंधार व्हायचा." तो स्वयंसेवक हसलाही नाही. गाठ सैल केली आणि पुढच्या माणसाकडे गेला.

मला तेव्हाच उठून घरी जायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पण मास्तर खुशीत होते. त्यांना त्या यंत्राची भुरळ पडली होती, आणि त्याचं कारण मी होते. असं बघा, त्यांच्या शिष्यांची घरं गावभर पसरलेली. मी कामावर असले की त्यांना मुलांनाच घरी बोलवावं लागतं. लहान मुलांचे आईबाप किती दिवस आणून सोडणार? एक एक शिष्य गळत चालला होता. "मी एकटा जाऊ शकेन गं," ते मला कानात म्हणाले. "म्हणजे एकटा नाही. तू कामावर, आणि तूच माझ्या कानात. एका पगारात दोन बायका." या वयात माणूस असा हरखलेला किती वेळा बघायला मिळतो? मी त्यांच्या पाठीवर एक चापट मारली आणि बसून राहिले. खरं सांगायचं तर त्या यंत्राने त्यांना एकटं जाता यावं हे मलाही हवं होतं, अगदी मनापासून.

तर सायीचा घोट, आणि माझा तो टेबलावरचा आवाज. टाळ्या संपल्यावर मी म्हटलं, यात काहीतरी चुकतंय. टोळीत एक पोरगा सारखं च्युइंगम चघळायचा, त्याच्या तोंडाचा चप् चप् आवाज सतत माझ्या डाव्या कानाशी. मी त्याला मनातल्या मनात गमवाला म्हणायचे. यंत्राचं सगळं लिखाण तोच करत होता. तो म्हणाला, "नाही काकू, चुकलं नाही, स्वच्छ केलंय. मधे मधे फुसफुस येत होती तुमची, ती काढली."

"कसली फुसफुस?"

"श्वास हो. नॉइज असतो तो. आता बघा कसा क्रिस्टल झालाय."

चप् चप्. माझ्या गळ्यातून श्वास काढून घेऊन, तो गळा धुऊन, पुसून त्यांनी टेबलावर ठेवला होता. आणि मी त्याच्याकडे बघत होते, जसं कुणी खाटकाच्या फळीवर आपल्या ओळखीचं काहीतरी बघावं. मी त्याला समजवायला गेले, की अरे बाबा, हे मास्तर श्वासावर थांबतात. तो म्हणाला, "किती क्यूट." म्होरक्या म्हणाला, "काकू, ही स्टोरी स्टेजवर सांगाल का?"

मग मला दुसरी गोष्ट आठवली. हात धुवायला जाताना बाजूच्या अरुंद मार्गिकेने आम्ही दोघं गेलो होतो. मधेच समोरून गार, ओला, मुरलेल्या फडक्यासारखा वास आला आणि पावलाखालचा आवाज पोकळ झाला. तिथे खाली तळघरात जाणारा जिना होता. खोकी वाहून नेणं चाललं होतं म्हणून त्याचं दार विटेने उघडं अडकवून ठेवलेलं, आणि मार्गिका नेमकी तिथेच वळत असल्यामुळे सरळ जाणारा माणूस सरळ खालीच जाणार. मी थबकले, मास्तर थबकले, आम्ही वळलो. एवढंच. आता संध्याकाळी सगळ्यांपुढे त्यांचं सादरीकरण होतं. मास्तर कानात फोनची गुंडी घालून फाटकापासून त्याच मार्गिकेने चालत व्यासपीठापर्यंत येणार, आणि त्यांना कानात ऐकू येणारं सगळं सभागृहाला कर्ण्यावरून ऐकू येणार, असं ठरलं होतं. मी गमवाल्याला विचारलं, "तो तळघराचा जिना यात घातलाय का रे?"

"भरतोय, काकू."

"आणि जी जागा तुम्ही भरलेलीच नाही, तिथे काय बोलतो हा आवाज?"

"अडथळा नाही, असं."

"का?"

"कारण अडथळ्याची नोंद नाहीये ना." हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं, की क्षणभर मलाच आपण मंद आहोत असं वाटलं. रिकामी जागा. तिथे काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे तिथे काहीच नाही. मी म्हटलं, "मग 'माहीत नाही' असं म्हणू दे की तिला." तर म्होरक्याने पुन्हा माझा हात हातात घेतला. त्याच्या तळव्याला त्या जेलचा चिकटा होता. "काकू, 'माहीत नाही' म्हणणारी सोबतीण कुणाला आवडेल? ऐकणारा घाबरतो. आपल्याला पॉझिटिव्ह राहायचंय." मी म्हटलं, अरे, मास्तरांना मी रोज कितीदा म्हणते, अहो थांबा, मला कळत नाहीये. ते थांबतात. मी पुढे होऊन बघते. यालाच चालणं म्हणतात. "वा," तो म्हणाला, आणि मी हे पुन्हा एकदा, सावकाश बोलू शकेन का असं त्याने विचारलं, त्याला ते टिपून घ्यायचं होतं.

संध्याकाळी मी पुन्हा विचारलं. गमवाला म्हणाला, "भरलाय जिना, काकू. शपथ. टेन्शन घेऊ नका." आणि तो खोटं बोलत नव्हता, हे लक्षात असू द्या. मी मास्तरांना म्हटलं, "अहो, राहू द्या ना. मी येते बरोबर." ते म्हणाले, "बरोबर आलीस तर यंत्राची परीक्षा कशी होणार? तू आत बस. टाळ्या तू सुरू कर, तुला सवय आहे." काठी घडी करून त्यांनी माझ्याच पर्समध्ये घातली. कारण म्होरक्या म्हणाला होता, काठी नसेल तर जास्त परिणाम होईल.

सभागृहात मला पहिल्या रांगेत बसवलं. खुर्ची प्लास्टिकची, पाठीला घाम फुटला. कर्णा माझ्या डोक्यावरच होता. दिवे मंद झाले असावेत, कारण माझ्या डोळ्यातला होता तो उजेडही गेला. म्होरक्या बोलला, मास्तरांना 'आपले हिरो' म्हणाला, आणि मग मी बोलू लागले. वरून. इतक्या मोठ्या आवाजात मी आयुष्यात कधी बोलले नाही. बसस्थानकाच्या कर्ण्यांतूनही नाही. "फाटक उघडं आहे. आत या. सरळ चला." माझा तो आवाज छतावरून तुपासारखा ओघळत होता, लोकांच्या केसांवर, खांद्यांवर. शेजारची बाई कुजबुजली, "किती प्रेमळ." फोनने टिपलेला मास्तरांच्या बुटांचा आवाजही कर्ण्यातून येत होता. मी तो ओळखते, उजवा पाय किंचित ओढतात. फाटकाची फरशी. मग गालिचा. मग आवाज आखडला, म्हणजे अरुंद मार्गिका. मी खुर्चीच्या कडेला सरकले. आता समोरून गार वास. आता पोकळ. आता म्हण, जिना आहे म्हण. म्हण गं बये.

"सरळ चला. पुढे अडथळा नाही."

मी उभी राहून ओरडले, "अहो! थांबा!" माझ्या डोक्यावरून मीच म्हणाले, "सरळ चला." मी पुन्हा ओरडले. लोकांना वाटलं हा सादरीकरणाचाच भाग आहे. एकच आवाज दोन्हीकडून. काय कल्पना आहे! मागून टाळ्या सुरू झाल्या. खरोखर टाळ्या. मग कर्ण्यातून धप्प असं काहीतरी, मग लागोपाठ, उतरत जाणारं, आणि एक अगदी साधा, आश्चर्य वाटल्यासारखा "अरे?" तो मास्तरांचा. टाळ्या विरल्या. आणि त्या शांततेत, सबंध सभागृह ऐकत असताना, मी वरून मायेने म्हणाले, "छान. तुम्ही योग्य मार्गावर आहात."

मी तिथेच ओकले. पहिल्या रांगेत, नव्या गालिच्यावर. लाज नाही वाटली. आजही नाही वाटत.

डाव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली. तारांवर बोटं टाकायचा हात. नितंबाला मार, कपाळाला टाके. इस्पितळात म्होरक्या आला, कागदात गुंडाळलेली फुलं घेऊन. फुलांना वास नव्हता, कागदाला होता. तो रडला. खरं रडला असावा, नाक ओढत होता. म्हणाला, गमवाल्याने जिना भरला होता, पण सादरीकरणाच्या आधी काही बदलायचं नाही असा नियम असतो, त्यामुळे मास्तरांच्या फोनमध्ये आदली प्रतच राहिली. "एज केस होती, काकू." म्हणजे काय रे? म्हणजे क्वचित घडणारी, कडेची गोष्ट. मी म्हटलं, बाबा, आमचं सगळं जगणंच त्या कडेवर आहे. मधे कुठे चालतो आम्ही? जाताना तो दारातून हळूच म्हणाला की त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी मास्तरांच्या धाडसाचा खास उल्लेख केला. त्याच्यामागे गमवालाही उभा होता वाटतं. आकार तसाच होता, पण चप् चप् येत नव्हती.

घरी आल्यावरही मास्तर मला एक शब्द लागेल असं बोलले नाहीत. उलट थट्टा. "तू एवढं गोड बोललीस कधी जन्मात? तिथेच मला संशय यायला हवा होता. एकदासुद्धा 'अहो' नाही, एकदासुद्धा 'लक्ष कुठाय तुमचं' नाही!" मग प्लास्टरवर दुसऱ्या हाताची बोटं वाजवत बसले. बोटं थांबवून म्हणाले, "तुझा श्वास आला नाही गं. म्हणून मी चालत राहिलो." मी उठून न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला, आणि आरशासमोर नव्हे, भिंतीसमोर उभी राहून जीभ बाहेर काढून ब्रशने घासत बसले, रक्त येईपर्यंत. वेडेपणा आहे. जिभेवर काय असतं? पण त्या दिवसापासून मला माझ्या बोलण्याला चव यायला लागली, बेचव कोमट, दुसऱ्याच्या थुंकीसारखी. कामावर मायक्रोफोनशी तोंड नेलं की उमासा यायचा. फलाट क्रमांक सांगताना वाटायचं, हे मीच बोलतेय ना? घरी 'उंबरा आहे' म्हटलं की मास्तर हल्ली थांबतात, आणि मग पायाच्या अंगठ्याने उंबरा शोधतात. अगदी हळूच, मला कळू नये म्हणून. मला कळतं. त्यांना माझ्यावर अविश्वास नाही, त्यांच्या पायाला आहे. पायाची समजूत कशी घालणार? मी मागच्या बाकावर जाऊन बुवांसमोर बसते, बाकीचे सगळे ध्रुवपद उचलतात, मी तोंड मिटून असते. देवा, हे घे परत, एवढंच मनात. त्याच्याकडे परत घ्यायचीही काही सोय असेल की नाही कोण जाणे.

मी त्या काचेच्या इमारतीत परत गेले होते. मास्तरांना न सांगता, एकटी. म्होरक्याला आता तिथेच स्वतःची खोली मिळाली होती, यंत्र पुढे नेण्यासाठी. मी म्हटलं, माझा आवाज काढून टाक. मला काही नको, फक्त काढ. तो फार सौम्यपणे बोलला. "काकू, तो आता तुमचा असा राहिलेला नाही. मॉडेलमध्ये गेलाय, मिसळलाय. त्याला थोडा तरुणही केलाय आम्ही. तुम्ही दिलात तो एक थेंब समजा, आता आख्खं तळं झालंय." मी विचारलं, रिकाम्या जागेला काय म्हणतो तुमचा तळ्यातला आवाज? तो म्हणाला, त्यावर काम चालू आहे. आणि मग: "काकू, पाणी घ्याल?" मी घेतलं नाही. त्या घरातलं पाणी माझ्या घशाखाली उतरलं नसतं.

आता शेवटचं सांगते, आणि उठा मग. परवा, कामावरून परत येताना, बाजारापलीकडच्या चौकात मी वळले. तिथे रस्ता खणलेला असतो, बुजवतात, पुन्हा खणतात. माझ्यापुढे एक बाई चालली होती. आकार दिसला, आणि काठीची टकटक. तिच्या खांद्यापाशी मी बोलत होते. मला वाटलं मला भास होतोय, मी जवळ गेले. नाही. फोन तिने गळ्यात अडकवला होता आणि मी तिच्या छातीवरून, तरुण होऊन, मजेत म्हणत होते, "सरळ चला. पुढे अडथळा नाही." तिची काठी हलकी पडत होती, नुसती शोभेला, जशी विश्वास बसल्यावर पडते. पुढे काय होतं मला दिसत नव्हतं. करड्यावर करडं. खड्डा असेल, नसेल. मी ओरडले, "अहो बाई, थांबा! ऐकू नका तिचं!" ती थांबली. खरंच थांबली, एक पाय उचललेला. तिने मान माझ्याकडे वळवली, मग फोनकडे, पुन्हा माझ्याकडे. एकाच बाईचे दोन आवाज; एक गळ्यातला शांत, स्वच्छ, आणि दुसरा मागून धापा टाकणारा, चिरकलेला, घाबरवणारा. तुम्ही कुणाचं ऐकलं असतं? तिने पाय पुढे टाकला. मी झेप घेऊन तिचा दंड धरला, मागे ओढलं, आम्ही दोघी धडपडलो. तिने किंकाळी फोडली आणि काठी माझ्या नडगीवर हाणली. "सोड! कोण आहेस तू? चोर आहेस का?" मी म्हटलं, तो आवाज माझा आहे, तो खोटं बोलतो. हे वाक्य मलाच ऐकू आलं आणि तिचा दंड माझ्या हातून सुटला. तिने काठीने पुढची जमीन ठोकली, इकडे, तिकडे, आणखी पुढे. टक, टक, टक. घट्ट, सपाट, डांबरी रस्ता. खड्डा नव्हता. "काही नाहीये इथे," ती म्हणाली. "बाई, डोकं तपासून घे." आणि ओढणी झटकून, जणू माझ्या हाताची घाण लागली होती, ती निघून गेली. ऐकू येईनासा होईपर्यंत माझा आवाज तिला म्हणत होता, "छान."

त्या दिवशी तिथे काही नव्हतं, हेच मला झोपू देत नाही. खड्डा असता तर तिला कळलं असतं. आता ती उद्याही जाईल, परवाही जाईल, काठी आणखी हलकी करत. तिचं नाव मला माहीत नाही, घर माहीत नाही. आवाज जरा घोगरा, पायात पट्ट्याच्या चपला, चालते झपझप. मास्तरांचं मी बघेन, माझंही माझा देव बघेल. तुम्ही मात्र संध्याकाळी हात जोडाल तेव्हा, आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की, त्या बिननावाच्या बाईची एकदा आठवण काढत जा. ती आत्ता कुठेतरी चालते आहे, आणि तिच्या गळ्यात मी आहे.